सापाचा पिंजरा आणि कॅमेऱ्याच्या तीन अटी

सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींच्या निवासकालातील ज्या वस्तू आजही जतन करून ठेवलेल्या आहेत, त्यांत चरखा आहे, काठी आहे, खडावा आहेत. आणि दर्शनाला येणारा मनुष्य त्या सर्वांसमोरून श्रद्धेने, पण सरावलेल्या पावलांनी पुढे सरकतो, कारण पाठ्यपुस्तकांतील चित्रांमुळे त्या वस्तू त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीच्या असतात. परंतु तेथेच एक लांब लाकडी चिमटा आणि एक पिंजराही आहे, व त्यांच्यासमोर आल्यावर मात्र पाऊल थबकते. चिमटा साप पकडण्याचा. पिंजरा, पकडलेला साप न मारता दूर रानात नेऊन सोडीपर्यंत त्याला ठेवण्याचा. एवढे कळताक्षणी त्या शांत, सारवलेल्या कुटीचे रूप पालटते. भिंतीच्या कोपऱ्याकडे, कौलांच्या सांदीकडे, अंथरलेल्या चटईच्या कडेकडे डोळे आपोआप वळतात आणि श्वास किंचित आखडतो. कुटीत काहीही घडलेले नसते. पाहणाऱ्याच्या मनात फक्त एक गोष्ट नव्याने शिरलेली असते.

रहस्यपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे जो प्रश्न प्रारंभापासून अखेरपर्यंत उभा असतो, म्हणजे प्रेक्षकाला खिळवून कसे ठेवावे, त्याचे निम्मे उत्तर या पिंजऱ्यापाशी मिळते असे माझे प्रामाणिक मत आहे. आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रांस्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हीच गोष्ट बॉम्बच्या दृष्टांताने सांगितली होती. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसताना तो फुटला, तर काही क्षणांचा धक्का बसतो; पण तो आहे आणि अमुक वेळी फुटणार आहे हे आधी सांगितले, तर टेबलाभोवती चाललेल्या निरर्थक गप्पाही प्रेक्षक जीव मुठीत धरून ऐकतो. धक्का हा अज्ञानातून येतो आणि उत्कंठा ज्ञानातून. हा सिद्धांत समजावून घ्यायला आपल्या विद्यार्थ्याला सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. तो आपल्या कीर्तनात होता, आपल्या सुरुवातीच्या चित्रपटांत होता. आणि ज्या सेवाग्रामात सिनेमाला कधीच मानाचे पान मिळाले नाही, त्या सेवाग्रामच्या इतिहासातही तो एका विलक्षण रीतीने गुंफलेला आहे.

त्या गावाचे मूळ नाव शेगाव. वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवरचे हे खेडे जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतले. वस्ती मुख्यतः हरिजनांची, हवा हिवतापाची, रस्ता पावसाळ्यात चिखलाचा. मीराबेन आधी तेथे जाऊन राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे मुक्कामाला आले. त्यांच्यासाठी बांधावयाच्या निवासाबाबत त्यांनी घातलेली अट प्रसिद्ध आहे: साहित्य स्थानिक असावे, मजुरी स्थानिक असावी, आणि खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये. गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा १९४० मध्ये गावाचे सेवाग्राम असे नामांतर झाले. माती, बांबू, कौले आणि शेणाने सारवलेली जमीन यांच्या त्या वसाहतीत व्हाइसरॉयशी तातडीने बोलता यावे म्हणून सरकारने टेलिफोनही बसविला होता. एकीकडे सापाचा पिंजरा, दुसरीकडे साम्राज्याच्या मुख्याधिकाऱ्याशी जोडलेली तार, आणि दोहोंमध्ये चटईवर बसून पत्रे लिहिणारा एक वृद्ध! एकही शब्द न उच्चारता एवढे नाट्य उभे करणारी जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

या जागेत कॅमेरा शिरला तो कनू गांधींच्या हातून. कनू हे गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव. १९१७ चा जन्म, म्हणजे शेगावला आश्रम वसला तेव्हा विशीच्याही आतले. आश्रमाच्या कचेरीत हिशेब आणि पत्रव्यवहार यांच्या कामात गुंतलेल्या या तरुणाला छायाचित्रे काढण्याची प्रेरणा विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी दिली. परवानगी मागायला कनू गेले, तेव्हा गांधीजींनी नकार दिला नाही. तीन अटी मात्र घातल्या. प्रकाशाचा कृत्रिम झोत वापरायचा नाही. छायाचित्रासाठी मी कधीही मुद्दाम बसणार वा उभा राहणार नाही. आणि या छंदासाठी आश्रमाच्या तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही. पैशांची अडचण घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांनी सुटली, आणि त्यांतून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. बापूंच्या निवासाच्या खर्चाला घातलेली मर्यादा आणि कनूच्या कॅमेऱ्याची पुंजी, दोन्हींची रक्कम एकच, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही.

या तीन अटींचा थोडा बारकाईने विचार केला पाहिजे, कारण आजचा विद्यार्थी ज्या तक्रारी करतो त्या सर्व त्यांत आलेल्या आहेत: दिवे नाहीत, नट नाहीत, पैसे नाहीत. रोलायफ्लेक्सची रचना अशी, की तो डोळ्यांना न लावता छातीशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेवरचे चित्र पाहायचे. तेही डावे-उजवे उलटलेले. एका गुंडाळीवर चित्रे बारा. कुटीच्या आतला उजेड म्हणजे खिडकीतून आणि दारातून येईल तेवढाच. अशा स्थितीत छायाचित्रकाराला करता येण्याजोगी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे वाट पाहणे. खिडकीची तिरीप अमुक वेळी अमुक ठिकाणी पडते हे तो दिवसानुदिवस पाहून ठेवतो, बापू त्या तिरिपीत कधी येतील याचा अदमास बांधतो, आणि बारांपैकी एक चित्र खर्ची घालण्याचा क्षण मनात शंभरदा तोलून मगच कळ दाबतो. कनूंच्या छायाचित्रांतून अर्धा चेहरा अंधारात राहिला आहे, पाठमोरी आकृती दारात उभी आहे, हात हलल्यामुळे पुसट झाला आहे. आणि नेमके हेच पाहणाऱ्याला आत ओढून घेते. जे दिसत नाही ते मनाने पुरे करण्याचे काम प्रेक्षकावर येते, आणि ज्या चित्रात प्रेक्षकाला काम आहे त्या चित्रासमोरून तो सहसा हलत नाही.

रहस्यपटात अंधाराला जे महत्त्व आहे ते या कारणाने. अंधार भय दाखवितो म्हणून नव्हे. तो प्रेक्षकाला कामाला लावतो म्हणून. नवशिके विद्यार्थी काळोखाच्या दृश्यात निळे दिवे भरतात, धूर सोडतात, आणि मग आपला प्रेक्षक दचकत का नाही याचे नवल करतात. कनूंना दिवा निषिद्ध होता, हेच त्यांचे भाग्य. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ नियतकालिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे छायाचित्र घ्यायला आल्या, तेव्हा त्यांना आधी चरखा चालवायला शिकणे भाग पडले आणि प्रकाशझोताचे अवघे तीन दिवे वापरण्याची मुभा मिळाली. जे छायाचित्र पुढे जगभर गाजले ते या बंदोबस्तातूनच निघाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याचे चित्र काढायचे, त्याचे काम आधी हाताने करून पाहावे, या आग्रहाइतकी उत्तम शिकवण चित्रपटविद्येत क्वचितच दिली जात असेल.

गांधीजींचा सिनेमाविषयीचा अभिप्राय मात्र सर्वविश्रुत आणि कठोर होता. १९२७-२८ मध्ये रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी चित्रपट समितीने त्यांना प्रश्नावली धाडली, तेव्हा आपण कधी सिनेमा पाहिला नाही आणि त्याचे अनिष्ट परिणाम मात्र उघड दिसत आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठविले. १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकातून त्यांना अनावृत पत्र लिहिले आणि या नव्या कलेकडे पित्याच्या दृष्टीने पाहावे अशी विनवणी केली. पुढे १९४४ मध्ये, कारावासातून सुटल्यानंतर प्रकृतीसाठी जुहूला राहत असताना, विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ त्यांना दाखविण्यात आला. चाळीस मिनिटांपुरतेच बसायचे ठरले होते आणि बापू दीड तास बसले, अशी हकीकत चित्रपटसृष्टीत सांगतात.

ती हकीकत मला एका वेगळ्या कारणाने मोलाची वाटते. रामकथेचा शेवट गांधीजींना ठाऊक नव्हता काय? सीतेचा त्याग होणार, लवकुश रामायण गाणार, धरणी दुभंगणार, हे या देशात कोणाला ठाऊक नसते? तरीही मनुष्य बसून राहतो. ‘पुढे काय होणार’ या प्रश्नावरच उत्कंठा उभी असते, ही जी सर्वसाधारण समजूत आहे, तिचे आपल्या परंपरेने शेकडो वर्षे खंडन केलेले आहे. हरिदासी कीर्तनात पूर्वरंग असतो. त्यात अभंगाचे निरूपण होते, तत्त्व उलगडले जाते, म्हणजे कथेचे सार बुवा आधीच श्रोत्यांच्या हाती देऊन टाकतात. मग उत्तररंगात आख्यान. हरिश्चंद्राच्या आख्यानात राजा स्मशानात तारामतीवर खड्ग उगारतो, आणि नेमक्या त्या क्षणी बुवा झांज वाजवून पदाला सुरुवात करतात. खड्ग वर, पद सुरू. प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असते की देव येणार आणि हात धरणार; परंतु तो हात धरला जाईपर्यंतचा काळ बुवा ताणतात, आणि देवळाच्या दगडी फरशीवर बसलेला कुणबी, कासार, तेली, सावकार, सारे एकाच श्वासावर झुलत राहतात. निकाल माहीत असताना विलंब सोसायला लावणे हेच त्या कलेचे मर्म. हिचकॉकच्या टेबलाखालच्या बॉम्बाचे आणि हरिश्चंद्राच्या उगारलेल्या खड्गाचे गोत्र एकच आहे.

वऱ्हाड-वर्धेच्या या मुलखात तर या विद्येचे दोन असामान्य आचार्य होऊन गेले. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तनाला उभे राहत. त्यामुळे हा खापर आणि खराटा घेतलेला मनुष्य कोण, हे कुतूहल सकाळपासूनच गावात फिरत असे आणि रात्रीच्या सभेची तयारी आपोआप होऊन जाई. उभे राहिल्यावर ते उपदेश करीत नसत, प्रश्न विचारीत. लोक उत्तर देत. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. आणि असे करता करता श्रोता स्वतःच्याच तोंडून स्वतःच्या अंधश्रद्धेची कबुली देऊन बसे. प्रेक्षकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ती रीत कोणत्याही न्यायालयीन रहस्यपटाने हेवा करावा अशी होती. तुकडोजी महाराजांचे साधन वेगळे, खंजिरीचे. १९३६ मध्ये, म्हणजे आश्रम वसला त्याच वर्षी, ते गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला येऊन सुमारे महिनाभर राहिले होते. खंजिरी हे इवलेसे वाद्य. ना सूर लावता येतो, ना लांबविता येतो. केवळ ठेका आणि ठेक्यामधली शांतता, एवढ्यावर हजारोंचा समुदाय ताब्यात ठेवणे म्हणजे काय हे ज्याला समजले, त्याला चित्रपटाच्या संकलनाविषयी निराळे शिकवावे लागणार नाही, कारण चित्र कोठे तोडावे हा प्रश्न मुळात थाप कोठे पडावी आणि कोठे पडू नये हाच असतो.

पडद्यावरच्या उत्कंठेची आपली परंपराही अशाच निर्धनतेतून सुरू झालेली आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा भांडवल देणाऱ्याला दाखवायला त्यांच्यापाशी काहीच नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोड्या थोड्या चौकटी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटाभराचा चित्रपट सिद्ध केला. मातीला तडा जातो, काहीतरी वर येऊ पाहते, थांबते, पुन्हा हलते. नट नाही, संवाद नाही, खून नाही. आणि तरी पाहणारा यशवंत नाडकर्णी नावाचा सावध धनिक त्या वाटाण्यावरून पुढच्या वर्षीच्या ‘राजा हरिश्चंद्रा’साठी पैसे द्यायला राजी झाला. विद्यार्थ्याचा पहिला चित्रपट कसा असावा, असे मला कोणी विचारले तर मी याहून दुसरे उदाहरण देणार नाही. वाटाण्यातून वेलच निघणार हे नाडकर्णींना ठाऊक नव्हते थोडेच!

१९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली आणि तेथील नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट म्हणून १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ निघाला. त्यात दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी राजगुरूचा एकच डोळा टेलिफोटो भिंगाने टिपून पडदाभर दाखविला, आणि ज्यांनी माणसे नेहमी नखशिखान्त पाहिली होती त्या प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राहिला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून केलेल्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी अगदी उलट दिशेची कमाल केली: पार्श्वसंगीताला संपूर्ण फाटा दिला आणि दृश्यात जे प्रत्यक्ष आहे त्याच्याच आवाजावर सारी भिस्त ठेवली. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीचा तो चित्रपट रहस्यपट नव्हे. परंतु वाड्यातल्या शांततेची दहशत ज्याला अभ्यासायची असेल त्याने तो अवश्य पाहावा. आजकाल विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत दार उघडण्यापूर्वीच वाद्ये गरजू लागतात; दाराचा स्वतःचा आवाज काय आहे हे ऐकण्याची तसदी कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

छापील रहस्यकथेने मराठी वाचकाला या रसाची चटक याच सुमारास लावली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर पुस्तके लिहिली, आणि झुंजार व काळापहाड ही नावे वाचनालयांच्या कपाटांतून घरोघरी पोहोचली. त्या मुरलेल्या वाचकवर्गापुढे राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ आणला. एका कर्तबगार वकिलाची पत्नी मरण पावलेली आहे. आणि मग हुबेहूब तिच्यासारखी एक स्त्री आरोपी म्हणून समोर उभी राहते व मीच तुमची पत्नी म्हणून सांगते. येथे ‘खून कोणी केला’ हे कोडे गौण आहे. ज्या माणसाला आपण सर्वांत जवळून ओळखतो असे मानतो, त्याला आपण खरोखर ओळखतो का, ही शंका मुख्य आहे, आणि ती प्रत्येक प्रेक्षक घरी घेऊन जातो. दोनच वर्षांत, १९६६ मध्ये, राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला.

प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये भारत सरकारची चित्रपट संस्था सुरू झाली, आणि अमृतमंथनाच्या डोळ्याची जागा विद्यार्थ्यांच्या वर्दळीने भरून गेली. १९८७ मध्ये तेथील श्रीराम राघवन या विद्यार्थ्याने पदविकेसाठी ‘द एट कॉलम अफेअर’ हा लघुपट केला. वृत्तपत्राच्या पानावरील एक धावपटू जिवंत होतो आणि बातम्यांच्या स्तंभांतून वाट काढीत निघतो, ही त्याची कल्पना. तिला राष्ट्रीय पारितोषिकाचा मान मिळाला. या कल्पनेत जी काटकसर आहे तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो: सकाळी प्रत्येकाच्या दारात पडणारा कागद, एवढेच साहित्य. पुढे वीस वर्षांनी, २००७ मध्ये, याच दिग्दर्शकाने ‘जॉनी गद्दार’ केला, तेव्हा विश्वासघात करणारा कोण हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले आणि टोळीतल्या इतरांना मात्र अंधारात ठेवले. म्हणजे पूर्वरंगात सार सांगितले आणि उत्तररंगात खड्ग उगारून धरले.

आज वर्ध्यालाही चित्रपट शिकणारे विद्यार्थी आहेत. १९९७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाट्य आणि चित्रपट यांचे अध्यापन होते, आणि खिशातल्या मोबाइलमध्ये कनूंच्या रोलायफ्लेक्सहून कितीतरी तेज कॅमेरा प्रत्येकाजवळ आहे. बारा चित्रांची मर्यादा गेली, आणि तिच्याबरोबर वाट पाहण्याची सक्तीही गेली. येथे मला त्याच मातीतल्या दुसऱ्या एका प्रयोगाचे स्मरण होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्यातून नयी तालीम उभी राहिली. सेवाग्रामात तिचा संसार आर्यनायकम् दांपत्याने चालविला. टकलीवर सूत काढता काढता मुलाने गणित शिकावे, कापसावरून भूगोल आणि व्यापार शिकावा, हा तिचा गाभा. १९४४ मध्ये शांतिनिकेतनचे देवीप्रसाद तेथे कलाशिक्षक म्हणून आले. ते कुंभारकामही करीत आणि छायाचित्रेही काढीत, आणि मुलाच्या शिक्षणाचा पाया कला हाच असला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ज्या वर्षी पुण्यात ‘कुंकू’ने पार्श्वसंगीताचा आधार सोडला, त्याच वर्षी वर्ध्यात पुस्तकाचा आधार सोडून हाताच्या कामातून ज्ञान काढण्याची तजवीज झाली, याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही. त्या पिढीला साधेपणाची ओढ होती, आणि साधेपणात केवढे बळ असते याचा तिला प्रत्यय आलेला होता.

या मुशीत घडलेला एखादा विद्यार्थी आपल्या पहिल्या रहस्यपटासाठी कनूंच्या तीन अटी जशाच्या तशा मान्य करून निघाला, तर काय होईल याची मी पुष्कळदा कल्पना करतो. तो दिवा लावणार नाही. म्हणून कोणत्या खोलीत कोणत्या घटकेला ऊन कोठे येते हे त्याला आठ दिवस बसून पाहावे लागेल, आणि त्या आठ दिवसांत त्या खोलीची कथा त्याला आपोआप सुचेल. तो कोणाला मुद्दाम उभे करणार नाही. म्हणून पाणी शेंदणारी बाई, बैल हाकणारा गडी, कापसाच्या गाडीवर झोपलेला पोर ही माणसे आपापली कामे करीत असतानाच त्यांच्यामध्ये कोणाचे तरी गुपित त्याला पेरावे लागेल. त्याच्याजवळ पैसा नसेल. म्हणून पाठलागाला मोटारी नसतील, एक सायकल असेल, पांदण असेल, आणि मागून येणारा दुसऱ्या सायकलीचा खडखडाट असेल. प्रेक्षकाला मात्र त्याने आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवलेली असेल, जी त्या सायकलस्वाराला ठाऊक नाही. पिंजऱ्याचे दार सकाळी बंद होते. संध्याकाळी ते उघडे आहे. हे एवढेच एकदा, कॅमेरा न हलविता, दाखवावे. मग कुटीत कोणी पत्र लिहीत बसले आहे, कोणी शाई मागते आहे, कोणी चटई झटकायला उचलते आहे. प्रेक्षक कोठे जाणार?

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून दिल्लीकडे निघाले. ते लवकर परततील अशी सर्वांची धारणा होती. पण मग नौखाली आली, बिहार आला, कलकत्ता आला, पुन्हा दिल्ली आली, आणि आश्रम वाट पाहत राहिला. फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला येण्याचा त्यांचा विचार होता. ३० जानेवारीच्या संध्याकाळी त्यांना आधार देत आभा त्यांच्या शेजारी चालत होत्या. आभांचे पती, दहा वर्षे सावलीसारखा कॅमेरा घेऊन फिरलेले कनू, त्या वेळी नौखालीत होते. मार्चमध्ये नेहरू, विनोबा, मौलाना आझाद, कृपलानी, कुमारप्पा आणि इतर सहकारी सेवाग्रामला जमले, गांधीजींच्या हयातीतच ठरलेल्या बैठकीसाठी.

हे सारे ठाऊक असलेली माणसे आजही बापूकुटीत येतात. दाराशी चपला काढतात, वाकून आत शिरतात, मीराबेनने भिंतीवर उठविलेले माडाचे झाड पाहतात, रिकाम्या बैठकीसमोर उभी राहतात, आणि कोणी सांगितलेले नसताना आवाज खाली आणतात. मग पिंजऱ्यापाशी आली की त्यांतले एखादे मूल हटकून विचारते, यात आता साप आहे का. आणि उत्तर देण्यापूर्वी बरोबरचे वडीलधारे माणूस क्षणभर वाकून, नीट पाहून घेते.